हातचा एक

सातविणीला फुलं आली की माझ्या तळहातांना घाम येतो. डॉक्टरला सांगावं असं यात काही नाही, आणि सांगितलं तरी कलकत्त्यातला डॉक्टर आधी अ‍ॅसिडिटीची गोळी देईल. इथे या झाडाला छातिम म्हणतात. दुर्गापूजा संपते, मांडव सुटतात, फुटपाथवर बांबूंचे भारे पडून राहतात, आणि एका संध्याकाळी बसमधून उतरल्यावर तो वास अंगावर येतो. नुसता गोड नाही, थोडा उग्र, थोडा औषधी. आई त्याला 'डोकं उठवणारा वास' म्हणायची. वर्षभर या झाडाकडे कोणी ढुंकून पाहत नाही. हे तीन आठवडे मात्र त्याच्याखालून जाणारा प्रत्येक माणूस नाक वर करतो.

इथल्या लोकांसाठी हा हेमंत. माझ्यासाठी हा मुलाखतींचा मोसम. पूजेआधी या शहरात कोणी कोणाला नोकरी देत नाही. नळ दुरुस्त करण्यापासून लग्न ठरवण्यापर्यंत सगळ्याला एकच उत्तर, 'पूजोर पोरे', म्हणजे पूजेनंतर बघू. मग पूजा होते, आणि सेक्टर फाइव्हमधल्या संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारतींसमोर इस्त्रीचे शर्ट आणि प्लॅस्टिकच्या फायली घेतलेली मुलं दिसू लागतात. माझ्या टेबलाजवळच्या खिडकीतून ती दिसतात. कोण पहिल्यांदा आलंय आणि कोण तिसऱ्यांदा, हे मला वरून ओळखता येतं. पहिल्यांदा आलेला इमारतीकडे बघतो. तिसऱ्यांदा आलेला आपल्या बुटांकडे.

मी बुटांकडे बघत आले होते.

त्या वर्षी बाबांची बदली रायपूरला झाली होती. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात. ऑर्डर त्यांच्या एकट्याच्या नावाने निघायची, बदली आम्हा तिघांची व्हायची. जबलपूर, विशाखापट्टणम, मग कलकत्त्याजवळचं बराकपूर. प्रत्येक गावात माझी एक शाळा, एक खिडकी, एखादी मैत्रीण, आणि तीन-चार वर्षांनी सुतळीने बांधलेली खोकी. बराकपुरात मात्र बाबांची मुदत दोनदा वाढली आणि आम्ही सात वर्षं राहिलो. क्वार्टरच्या फाटकाशी छातिमचं झाड होतं. एकाच झाडाला सात वेळा फुलताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आठव्यांदाही पाहायचं होतं. पण असं काही मी घरात बोलत नाही. 'ही हातचं राखून बोलते,' असं आई आल्या-गेल्याला सांगायची, जणू मी वाण्याकडची साखर आहे.

बाबा सरळ बोलले. "नोकरी लागली तर राहा इथे. नाही लागली तर चल आमच्याबरोबर. नवीन वर्षाच्या आत मला तिकडे हजर व्हायचंय."

यात रागवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून जास्त राग आला.

तेव्हा मी दुसऱ्यांचे अनुभव खूप वाचायचे. मुलाखती देऊन आलेली मुलं इंटरनेटवर निनावी लिहून ठेवतात ते. 'पहिली फेरी लेखी. दुसरी फेरी तांत्रिक. तिसरी फेरी एचआर. अनुभव बरा. निवड झाली नाही.' चार वाक्यांत एक आख्खा दिवस. दिवसाच्या आधीचे महिने आणि नंतरची शांतता त्यात नाही. ज्याची निवड झाली तो सल्ले लिहितो: हसतमुख राहा, डोळ्यांत बघा, गप्प राहू नका. ज्याची झाली नाही तो प्रश्न लिहितो. मला सल्ल्यांपेक्षा प्रश्न लिहिणारे जवळचे वाटायचे.

पहिल्या कंपनीत गटचर्चा होती. गोल टेबल, आठ जण, विषय घरून काम करण्याचे फायदे-तोटे. माझ्याकडे एक वाक्य होतं आणि ते चांगलं होतं, हे मी आजही सांगेन. फट मिळाली की बोलू म्हणून मी थांबले. सात जण एकाच वेळी बोलत होते, त्यामुळे फट मिळेना. ती मिळाली तेव्हा वेळ संपल्याची टाळी वाजली. ते वाक्य मी सियालदहहून बराकपूरला परत आणलं.

दुसऱ्या कंपनीत गणितं सगळी सुटली. शेवटी एचआरच्या बाईंनी मान तिरकी करून प्रेमाने सांगितलं, "तू हुशार आहेस, पण जरा खुलायला हवं. जरा बबली हो."

बबली हे आमच्या शेजारच्यांच्या कुत्रीचं नाव होतं.

पौलमीला मी हे सांगितलं तेव्हा ती हसून गच्चीवर लोळायची बाकी राहिली. पौलमी माझी कॉलेजची मैत्रीण, बेहालाची. तिच्या घराखाली मोटारींच्या सीटा शिवणारं दुकान होतं, आणि वर गच्चीत, शिलाई मशीनच्या आवाजात, ती माझी मुलाखत घ्यायची. पालथ्या बादलीवर बसून, डोळ्यांवर वडिलांचा चष्मा लावून.

"बोल, तुझा सगळ्यात मोठा गुण कोणता?"

"माहीत नाही."

"धुत्! म्हण, मी टीम प्लेयर आहे."

"पण मी नाहीये."

"अरे बाबा, केउ ना! कोणीच नसतं! सगळे म्हणतात म्हणून म्हणायचं." मग चष्मा काढून, खरी काळजी वाटून, "तुई एतो चुप केनो रे? एवढी गप्प राहिलीस तर ते तुला रायपूरला पाठवतील."

ते नाही पाठवणार, मी मनात म्हटलं. मी गप्प राहिले म्हणून मला कोणी कुठे पाठवणार नाही. हेही मनातच म्हटलं.

तिसऱ्या मुलाखतीला निघाले तेव्हा फाटकाशी फुलांचा हिरवट-पांढरा सडा पडला होता. सियालदहला उतरले. घाऊक बाजाराकडे फुलकोबीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन माणसं पळत होती. 'सोरुन, सोरुन' एवढाच त्यांचा शब्द, बाजूला व्हा. त्या माणसांना कोणी खुलायला सांगत नव्हतं. टोपली पोचली की झालं. मला त्यांचा हेवा वाटला, आणि लगेच लाज वाटली, कारण माझ्या डोक्यावर टोपली नव्हती. मग मेट्रो, मग ती काचेची इमारत.

बसायच्या खोलीत आम्ही अकरा जण. एसी इतका गार की एका मुलाने फाईल छातीशी धरली होती. दुसरा भिंतीकडे तोंड करून स्वतःची ओळख पाठ करत होता, आणि गावाच्या नावाशी दर वेळी अडखळत होता. माझ्या शेजारच्या मुलीने पर्समधून उकडलेलं अंडं काढलं, सोललं, मीठ न लावता खाल्लं आणि टरफलं रुमालात बांधून ठेवली. आमच्यात एक अक्षर बोलणं झालं नाही. तरी मला आत बोलावलं तेव्हा तिने मूठ वळून अंगठा वर केला. अनुभव लिहिणारे हे का लिहीत नाहीत?

आत दोघं होती. एक सौरिन, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, दिल्लीत वाढलेला बंगाली, भरभर इंग्रजी बोलणारा. दुसऱ्या सुपर्णादी. पन्नाशीच्या आसपास, सुती साडी, समोर स्टीलचा डबा. डब्यात मुढी, म्हणजे आपले कुरमुरे, आणि एक हिरवी मिरची.

"किछु मोने कोरो ना," त्या म्हणाल्या, राग मानू नकोस. "सकाळपासून नऊ जण झाले. जेवायला उठलेच नाही."

सौरिनने प्रश्न दिला. दोन फार मोठ्या संख्या. इतक्या मोठ्या की संगणकाच्या नेहमीच्या कप्प्यात मावत नाहीत. तेव्हा त्यांचे अंक सुटे करायचे, आणि शाळेतल्या मुलासारखी उजवीकडून एकेक अंक घेऊन बेरीज करणारा प्रोग्राम फळ्यावर लिहायचा.

"आणि मोठ्याने विचार कर," तो म्हणाला. "तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मला ऐकायचंय."

मी लिहायला लागले. अर्ध्या मिनिटाने तो म्हणाला, "मला काही ऐकू येत नाहीये." आणखी दोन ओळींनंतर म्हणाला, "तू बोलली नाहीस तर मला मार्क देता येणार नाहीत." मार्कर घामाने बोटांतून निसटत होता. मी पटपट लिहीत सुटले. मग तो खुर्चीत पुढे झुकला.

"हे काय आहे? हॅचा? स्पेलिंगची चूक केलीयस का?"

मी फळ्याकडे पाहिलं. एका अंकाची बेरीज नऊच्या वर गेली की उरलेला एक जिथे ठेवायचा, त्या जागेला नाव द्यावं लागतं. जगातला प्रत्येक प्रोग्रामर तिथे 'कॅरी' लिहितो. मी, इंग्रजी शाळांमध्ये चौदा वर्षं शिकलेली, इंग्रजीतच स्वप्नं पडणारी मी, रोमन अक्षरांत 'हातचा' लिहून बसले होते.

जबलपूरची पहिली इयत्ता. टीचरने डायरीत लिहून पाठवलं होतं, घरी मुलीशी कृपया इंग्रजीत बोलावं. आईने खाली सही केली, आणि त्याच संध्याकाळी पाटावर बसवून मला बेरीज मराठीत शिकवली. "आठ आणि सात पंधरा. पाच खाली लिही. हातचा एक. कुठे ठेवशील? हातात. मीट बोट." मी करंगळी मिटून धरायचे आणि दहंच्या घराची बेरीज होईपर्यंत सोडायचे नाही. एकदा वर्गात फळ्यावर गणित करताना मी करंगळी मिटली आणि मोठ्याने म्हटलं, हातचा एक. सगळा वर्ग हसला, टीचरही हसल्या. वाईट नव्हत्या त्या. पण त्यानंतर मी उत्तरं लिहून द्यायला लागले. बोलून नाही.

आता पुसायचं आणि सॉरी म्हणायचं. हात वर गेलाही होता. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की माझी डावी करंगळी मिटलेली आहे. मिटलेलीच होती, इतका वेळ.

"चूक नाहीये," मी म्हटलं. आवाज बारीक आला, पण आला. "तुम्हाला माझा विचार ऐकायचाय. मी बेरीज मराठीत करते. ऐकायची असेल तर मराठीत ऐकावी लागेल."

सौरिनने सुपर्णादींकडे पाहिलं. त्यांनी मुढीचा घास गिळला. "बोलो, बोलो. शुनि." बोल, ऐकते मी.

मी फळ्यावर दोन संख्या मांडल्या आणि बोलायला लागले. आठ आणि सात पंधरा, पाच खाली, हातचा एक. सहा आणि नऊ पंधरा, आणि हातचा एक सोळा, सहा खाली... आवाज आपला आपण मोठा होत गेला. त्या खोलीत कोणालाच न कळणाऱ्या भाषेत बोलताना मला कसलीच भीती वाटत नव्हती. चौथ्या घराशी मला दुसरा आवाज ऐकू आला. सुपर्णादी गालाला हात लावून माझ्याबरोबर पुटपुटत होत्या.

"हाते रोइलो अ‍ॅक."

मी थांबले. "तुमच्याकडेही हातात राहतो?"

"ता कोथाय थाकबे?" त्या म्हणाल्या. "पाये?"

मग कुठे राहणार, पायात? मला हसू आलं. मुलाखतीत हसतमुख राहा असा सल्ला असतो, पण असं नाकातून हसा असं कोणी लिहिलेलं नाही. सौरिन म्हणाला, "आम्हाला शाळेत नुसतं कॅरी होतं." सुपर्णादींनी त्याच्याकडे खऱ्या दयेने पाहिलं. "बेचारा," म्हणाल्या, आणि मिरचीचं टोक फळ्याकडे रोखलं. "आता नव्याण्णव आणि एक करून दाखव. तुझ्या प्रोग्रामने."

नऊ आणि एक दहा, शून्य खाली, हातचा एक. नऊ आणि हातचा एक दहा, शून्य खाली, हातचा एक. अंक संपले, आणि माझा प्रोग्राम तिथेच थांबत होता. उत्तर आलं दोन शून्यं.

"हातचा कुठे गेला?" त्यांनी विचारलं. आता मिश्किली नव्हती.

सौरिन या वेळी बोल म्हणाला नाही. मला पहिलीतली वही दिसली, उभ्या रेघांची, आणि डावीकडच्या लाल रेघेशी येऊन अडलेली मी. आई, जागा संपली. आणि आईचं बोट, रेघेच्या पलीकडे. "घरं संपली म्हणून हातचा संपत नाही. त्याला नवीन घर काढून दे. समासात आलं तरी चालेल."

मी प्रोग्रामच्या शेवटी एक ओळ वाढवली: हातचा उरला असेल तर डावीकडे एक नवी जागा कर आणि त्यात तो लिही. तो शब्द पुसून मी 'कॅरी' लिहिलं नाही.

त्यानंतर एचआर. वेगळी खोली, वेगळ्या बाई, तीच तिरकी मान. "तू खूप संकोची वाटतेस. हा तुझा कच्चा दुवा आहे असं तुला वाटतं का?" पौलमीच्या गच्चीवर याचं उत्तर पाठ झालं होतं: हो, पण मी त्यावर मेहनत घेते आहे. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "नाही."

त्यांचं पेन थांबलं.

"मी बोलताना हातचं राखते. काम करताना राखत नाही. दोन्ही एकच आहे असं तुम्ही धरून चालला असाल तर मी तुमच्या कामाची नाही." इंग्रजीत ते इतकं नेटकं आलं नाही. मध्ये एक क्रियापद पडलं, एक 'सॉरी' आला, तो मी परतही घेतला. पण अर्थ पोचला, कारण त्या बराच वेळ लिहीत राहिल्या.

हाताशी आलेली नोकरी घालवली, असं वाटत मी बाहेर आले. फाटकाशी पेरूवाला होता. पेरूच्या फोडींना मीठ-तिखट लावताना त्याने विचारलं, "झाल कोम देबो?" तिखट कमी घालू का? मला बघून सगळे 'कमी' असंच विचारतात. "बेशी," मी म्हटलं. जास्त. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ला.

मग दहा दिवस काहीच नाही. घरात खोकी भरली जात होती. आई प्रत्येकावर खडूने लिहायची: भांडी, पुस्तकं, देव. एका खोक्यावर 'हिचं' असं लिहून तिने ते भिंतीशी ठेवलं, आणि इतरांसारखी त्याला सुतळी बांधली नाही. त्याबद्दल आम्ही दोघी काही बोललो नाही. हातचं राखणं मी कोणाकडून शिकले, ते मला त्या उघड्या खोक्याकडे बघताना कळलं.

कंपनीचा फोन आला तेव्हा बाबा चष्मा शोधत होते. मी सांगितल्यावर ते शोधायचे थांबले. म्हणाले, "मग गाडीची तिकिटं दोनच काढू ना?"

"हो. दोनच."

आईने मसाल्याचा डबा उघडला आणि मोहरी, जिरं, हळद, एकेक करत दोन डब्यांत वाटायला घेतली. हिंगाची डबी एकच होती. ती तिने माझ्याकडे सरकवली.

याला आता चार वर्षं झाली. मी सेक्टर फाइव्हपासून दोन थांब्यांवर एका खोलीत राहते. त्या प्रोग्राममध्ये मी हातच्यासाठी जशी नवी जागा वाढवली होती, तशीच ही खोली मला कधीकधी वाटते. आणि गेल्या आठवड्यात, हवेत तोच वास असताना, मी पहिल्यांदा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. शेजारी सौरिन. समोर कृष्णनगरहून पहाटेच्या गाडीने आलेली एक मुलगी. पायात नवे बूट, टाचेला चिकटपट्टी.

तिला प्रश्न वेगळा होता. ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि बोलेना. एक मिनिट, दोन मिनिटं. सौरिन माझ्या कानाशी म्हणाला, "गोठलीये. पुढचा प्रश्न देऊ?"

"थांब."

"अगं, तीन मिनिटं होत आली."

"गोठलेली नाही. मोजतेय. तिच्या हाताकडे बघ."

तिचा डावा हात ओढणीआड होता, आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक करत वर सरकत होता. आम्ही थांबलो. खरं सांगायचं तर मी त्याला थांबवलं. मग ती पुढे झाली आणि न अडखळता, न बोलता, सगळं उत्तर लिहून मोकळी झाली. बरोबर होतं. सौरिननेही दोनदा तपासलं.

पण फॉर्ममध्ये एक रकाना आहे, आत्मविश्वास, पाचपैकी. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. सौरिनने दोन दिले. वाईट मनाने नाही, त्या रकान्याची तीच सवय आहे. मी पाच दिले. मार्कांत इतकी तफावत असली की कारण लिहावं लागतं. तिथे मी रोमन अक्षरांत लिहिलं: हातचा एक.

दुपारी एचआरमधून फोन आला. तिरक्या मानेच्याच बाई.

"तुमच्या शेऱ्यात काहीतरी टायपिंगची चूक झालीय."

"चूक नाहीये," मी म्हटलं. या वेळी आवाज बारीक नव्हता. "ती उत्तर देताना बोलली नाही, म्हणून ते कमी धरू नका. ते तिच्या हातात होतं. मी पाहिलंय. माझे पाच तसेच राहतील."

"सुपर्णादींकडे जाईल मग हे."

"जाऊ दे. त्यांना शब्द कळेल."

पलीकडे कीबोर्डचा आवाज आला, मग थांबला. "पण हे 'हातात होतं' मी भरू कुठे? या फॉर्मात यासाठी रकानाच नाहीये."

खिडकीखाली इस्त्रीचे शर्ट उभे होते. कोणी इमारतीकडे बघत होतं, कोणी बुटांकडे.

"मग नवीन काढा," मी म्हटलं. "समासात आला तरी चालेल."